लावणारा एक, वेचणारा दुसरा

घर बदलण्याचा प्रसंग आला की सामानाची यादी होते. पितळी डब्यांपासून मुलांच्या तुटक्या खेळण्यांपर्यंत सर्व काही मोजून बांधले जाते आणि नव्या घरी पोहोचल्यावर मोजून उतरवून घेतले जाते. गृहिणीच्या नजरेतून एक चमचाही सुटत नाही. परंतु त्या यादीत एक गोष्ट कधीच नोंदवली जात नाही; ती म्हणजे अंगणातील झाडे. कुंड्या नेता येतात, पण जमिनीत मूळ धरलेल्या झाडाला ट्रकमध्ये जागा नसते. ते मागे राहते, आणि पुढे कित्येक वर्षे, कढीत पाने टाकताना किंवा पूजेला फुले कमी पडली म्हणजे, घरातील कोणीतरी म्हणते, "आपल्या त्या घरी किती असायची!"

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालवणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. वाचकहो, आपणांपैकी अनेकांच्या मनात असे एखादे मागे राहिलेले अंगण असेल. त्या गावी पुन्हा जाण्याचा योग आला, तर ते पाहावयास जावे की जाऊ नये, हा प्रश्नही आपणांस पडला असेल. वडीलधारी मंडळी सांगतात की सोडलेल्या घराकडे मागे वळून पाहू नये. त्या सांगण्यात मायेचा भाग आहे, हे खरे. तरीही आमचे मत असे आहे की जरूर जावे. मात्र काय पाहावयास जात आहोत, याची स्पष्ट कल्पना मनाशी असावी.

लखनौच्या गोमती नगराचे उदाहरण घेऊ. लखनौ विकास प्राधिकरणाने १९८० च्या दशकापासून गोमतीच्या उत्तरेकडील काठावर ही वसाहत वसवण्यास आरंभ केला. तिचे भाग 'खंड' या नावाने ओळखले जातात. विवेक खंड, विनय खंड, विशाल खंड, विकास खंड अशी ती नावे असून त्यांत एक विराम खंडही आहे. सरकारी नोकर, बँकांतील अधिकारी, अभियंते, प्राध्यापक अशी नाना प्रांतांतील मंडळी येथे चार-सहा वर्षे राहून पुढे जातात. त्यांच्या दृष्टीने सारी वसाहतच 'विराम खंड' आहे, असे कोणी म्हटल्यास ते वावगे ठरू नये. घरापुढे फाटकाला लागून मातीची एक चिंचोळी पट्टी असते. भाडेकरू येतो तो आपल्या गावची आठवण त्या पट्टीत लावतो. बंगाली कुटुंब गंधराज लावते, दक्षिणेकडील कुटुंब मोगरा आणि अबोली, तर मराठी कुटुंब तुळस, कढीलिंब आणि जागा असल्यास आळू. नंतर हुकूम येतो, सामान निघते, आणि पट्टी पुढच्या कुटुंबाच्या हाती जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. ज्या जमिनीवर ही वसाहत उभी राहिली, ती जमीनही ओसाड नव्हती. उजरियांवसारखी गावे येथे पूर्वीपासून होती आणि त्यांची शेते होती. आज आपण ज्याला 'आपली जुनी बाग' म्हणतो, ती बाग दुसऱ्या कोणाच्या तरी मागे राहिलेल्या शेतात लावलेली होती. मागे टाकून जाणारे आपण पहिले नव्हतो आणि शेवटचेही नसू.

गोमतीचा पूल ओलांडून शहरात आले की सिकंदर बागेचा दरवाजा लागतो. अवधचा अखेरचा नवाब वाजिद अली शाह याने ही बाग उभारली. तिचे नाव त्याची बेगम सिकंदर महल हिच्यावरून पडले, असे सांगतात. १८५६ च्या फेब्रुवारीत ईस्ट इंडिया कंपनीने अवधचे राज्य खालसा केले आणि पुढच्याच महिन्यात नवाबाने लखनौ सोडले. कलकत्त्यानजीक मटियाबुर्ज येथे त्याने आपल्यापुरते एक छोटे लखनौ वसवले. तेथे वाडे उठवले, गाण्याच्या बैठकी भरवल्या, पशुपक्ष्यांचा मोठा संग्रह केला. १८८७ साली तेथेच त्याचा अंत झाला. आपली बाग पाहावयास तो लखनौला परत येऊ शकला नाही.

बागेचे पुढे काय झाले? नोव्हेंबर १८५७ मध्ये तिच्या भिंतींच्या आत घनघोर लढाई होऊन शेकडो भारतीय शिपाई तेथे पडले. त्यानंतर बाग म्हणून तिच्यात काही उरले असेल, अशी आशा कोणी धरली नसती. परंतु १९४८ साली उत्तर प्रदेश सरकारने प्राध्यापक कैलासनाथ कौल यांच्या पुढाकाराने त्या परिसरात राष्ट्रीय वनस्पती उद्यान सुरू केले. १९५३ साली ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले आणि १९७८ पासून राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. हिवाळ्यात तेथे शेवंतीचे आणि गुलाबाचे प्रदर्शन भरते व लखनौकर मुलाबाळांसह ते पाहावयास लोटतात. या संस्थेने बोगनवेलीचे जे नवे वाण निर्माण केले, त्यांतील एकाचे नाव 'वाजिद अली शाह' व दुसऱ्याचे 'बेगम सिकंदर' असे आहे. ज्या मालकाला परत येता आले नाही, त्याचे नाव शंभराहून अधिक वर्षांनी एका वेलीच्या रूपाने परत आले. बाग मात्र त्याची राहिली नव्हती; ती अवघ्या शहराची झाली होती.

बागेची ओढ ही काही दुबळ्या मनाचीच गोष्ट आहे, असे कोणी समजू नये. मोगल सत्तेचा संस्थापक बाबर हा लढाया मारणारा पुरुष होता. तरीही १५२९ साली आपल्या एका जुन्या सरदाराला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केले आहे की खरबूज कापून खाताना काबूलच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले. मात्र तो नुसता रडत बसला नाही. आग्र्यास यमुनेकाठी त्याने बागा आखल्या, तेथे द्राक्षे व खरबुजे लावली आणि ती पिकलेली पाहून समाधानही नोंदवून ठेवले. मृत्यूनंतर काही वर्षांनी त्याचा देह काबूलच्या बागेत नेण्यात आला. तीच बाग १९९० नंतरच्या यादवी युद्धात उजाड झाली आणि २००० नंतरच्या दशकात पुन्हा लावण्यात आली. ती लावणाऱ्या माळ्यांपैकी कोणी बाबराच्या घराण्यातील नव्हता, हे सांगावयास नकोच.

आता आपल्या छोट्या अंगणाकडे वळू. पाच-सात वर्षांनी आपण तेथे गेलो, तर काय दिसेल, याचा अंदाज पूर्वीच बांधता येतो. लखनौची माती गंगेच्या खोऱ्यातील गाळाची, पण वसाहतीच्या पट्ट्यांत तिच्यात विटांचे तुकडे आणि चुना मिसळलेला असतो. मे-जून महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि 'लू' नावाचा उष्ण वारा दिवसभर वाहतो. जानेवारीत धुके उतरते आणि रात्रीचे तापमान कधीकधी ५ अंशांखाली जाते. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर एवढाच. या हवेत पाण्याचा झारा एक उन्हाळा थांबला की हिरवळ जाते, हंगामी फुले तर त्याआधीच जातात. अबोली, सुपारी यांसारखी उबदार, दमट हवेची सवय असलेली झाडे थंडीत मार खातात. याउलट बोगनवेल, मधुमालती, लिंबू आणि कढीलिंब ही सोशीक मंडळी आहेत. कढीलिंब तर मुळांतून नवे फुटवे काढतो, आणि त्याची काळी फळे खाऊन पक्षी बी शेजारच्या आवारात नेऊन टाकतात. तेव्हा आपले झाड आपल्या जागी न दिसता शेजाऱ्यांच्या कुंपणात दिसले, तर आश्चर्य मानू नये.

गुलाबाविषयी विशेष सांगितले पाहिजे, कारण जुन्या बागेत परतणाऱ्याची सर्वांत मोठी निराशा येथेच होते. आपण लावलेला भरगच्च लाल गुलाब जाऊन त्याच्या जागी लहान, विरळ पाकळ्यांची फुले दिसतात आणि नव्या मंडळींनी झाड 'बिघडवले' असे वाटते. वस्तुतः बहुतेक गुलाब डोळा भरून केलेले असतात. खाली खुंट एका रानटी जातीचा आणि वर डोळा आपल्या आवडत्या वाणाचा. खुंटावरून येणारे फुटवे वेळच्या वेळी काढले नाहीत, तर ते जोमाने वाढतात आणि वरचा वाण क्षीण होत जातो. कोणी काही बिघडवलेले नसते. झाडाच्या मुळाशी जे होते, ते वर आले एवढेच. तुळशीचेही तसेच. तुळस काही फार वर्षे जगत नाही, पण मंजिऱ्यांतील बी गळून तेथेच उगवते. वृंदावनात हिरवीगार तुळस पाहून आपली तुळस ओळखली, असे आपण म्हणतो. बहुधा ती तिची नात किंवा पणती असते.

गेल्या ऑक्टोबर महिन्यात कामानिमित्त लखनौस जाणे झाले, तेव्हा विवेक खंडातील आमच्या एके काळच्या भाड्याच्या घरी मी मुद्दाम गेले. त्या घरी असताना माझ्या आईने वाईहून येताना पदराच्या गाठीत प्राजक्ताचे बी आणले होते. चपट्या, नाण्यासारख्या फळांतून तिने ते काढले, फाटकाजवळ पेरले आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत त्याच्यावर रोज रात्री गोणपाट घातले. झाड फुलू लागले तोच आमची बदली झाली. आई पुढे लखनौस आली नाही, आणि तीन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हा त्या घरी मी नेमके काय पाहावयास चालले होते, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

गुलाबांच्या जागी आता फरशी घातलेली होती व तिच्यावर मोटार उभी होती. आळू नव्हते, अबोली नव्हती. प्राजक्त मात्र होता, पहिल्या मजल्याच्या सज्जापर्यंत उंच. सकाळची वेळ असल्याने खाली सडा पडला होता, आणि एक वृद्ध बाई पाटावर बसून परडीत फुले वेचत होत्या. हे कुटुंब गोरखपूरकडचे. मी नाव-गाव सांगितले, तेव्हा सूनबाईंनी "दीदी, आत या ना" म्हणून आग्रहाने बसवून घेतले. आजी म्हणाल्या, "हा हरसिंगार आपोआपच आलेला असणार, आम्ही आलो तेव्हा होताच." क्षणभर मला वाटले की काही न बोलता चहा घेऊन उठावे. पण झाडाची हकिगत झाडाच्या घरी राहिली पाहिजे, असे वाटून मी ती सांगितली. आईचे सांगताना मात्र एका वाक्यापलीकडे मला बोलता आले नाही.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी न विचारताच वेचत होते." मी त्यांस आईचेच म्हणणे सांगितले. एरवी जमिनीवर पडलेले फूल देवास चालत नाही. प्राजक्ताचे मात्र चालते, म्हणून ते वेचण्यास कोणाची परवानगी लागत नाही. यावर त्या हसल्या. निघताना त्यांनी माझ्या रुमालात ओंजळभर फुले घातली. ती दुपारपर्यंत कोमेजून गेली आणि रुमालावर देठांचा केशरी डाग तेवढा राहिला. यापेक्षा अधिक काही घडले नाही. परंतु आईचे झाड रोज पहाटे एका आजींना पाटावर बोलावून बसवते, ही गोष्ट मला त्या घरी न जाता कळली नसती.

पारिजातकाची जुनी कथा आपणांस ठाऊक आहेच. सत्यभामेच्या हट्टाखातर श्रीकृष्णाने स्वर्गातून वृक्ष आणला व तिच्या अंगणात लावला. पण फुले पडू लागली ती रुक्मिणीच्या अंगणात. लहानपणी ही कथा सवतींच्या रुसव्याफुगव्याची वाटते. घरे बदलण्याची वेळ आली म्हणजे तिचा दुसरा अर्थ ध्यानात येतो. मूळ कोणाच्या अंगणात आहे, यावर फुले कोठे पडावीत हे ठरत नाही. गंमत अशी की लखनौपासून जवळच, बाराबंकी जिल्ह्यातील किंतूर या गावी 'पारिजात' म्हणून ज्या प्रचंड वृक्षाची पूजा होते, तो आपला प्राजक्त नव्हेच. वनस्पतिशास्त्र सांगते की तो गोरखचिंचेचा वृक्ष, म्हणजे मूळचा आफ्रिकेतला. तो तेथे कोणी व केव्हा लावला, याचा लोकांना विसर पडला. त्यांनी त्याला कुंतीच्या कथेशी जोडून घेतले आणि तो त्यांचा झाला. परक्या मातीत रुजलेल्या झाडाला यापरता मोठा मान कोणता?

बाग उचलून नेता येत नसली, तरी तिच्यातील फांदी नेता येते, हेही विसरू नये. याचा पुरावा लखनौच्या दाराशीच आहे. काकोरीनजीकच्या दशहरी गावात आंब्याचे एक जुने झाड आहे. दशहरी आंब्याचे ते मूळ झाड मानले जाते. आंब्याची कोय लावली तर या जातीत आईसारखेच फळ मिळेल याची हमी नसते. म्हणून कलम करावे लागते. मलिहाबादच्या बागांतून आणि तेथून देशभर जो दशहरी पसरला, तो असा फांदीमागून फांदी देत पसरला. देणाऱ्याचे झाड त्यामुळे लहान झाले नाही.

तेव्हा बदलीचा हुकूम हाती येताच काही गोष्टी आठवणीने कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. पावसाळा असेल तर डाळिंब, लिंबू यांच्या गुट्या बांधाव्यात. गुलाबाची किंवा जास्वंदीची फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यावी. प्राजक्त, तुळस, गोकर्ण यांचे बी वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावे आणि पुडीवर नाव व महिना लिहावा. त्याचबरोबर एका कागदावर मागे राहणाऱ्या झाडांची नावे, ती केव्हा फुलतात, कोणाला किती पाणी लागते आणि कोणाला थंडीत पांघरूण हवे, हे लिहून तो कागद घरमालकाकडे किंवा शेजारी द्यावा. नवी मंडळी दुसऱ्या प्रांतांतील असतील, म्हणून त्यांच्या बोलीतील नावेही लिहावीत. कढीलिंब म्हणजे 'मीठा नीम', आळू म्हणजे 'घुइयाँ' आणि प्राजक्त म्हणजे 'हरसिंगार' हे कळले, तर झाड तण समजून उपटले जाण्याचे भय कमी होते.

आणि पुन्हा भेटीस जाल, तेव्हा पाहुणे म्हणून जा. आधी कळवावे, फाटकाबाहेर थांबावे, बोलावले तरच आत जावे. काय नाहीसे झाले, याचा हिशेब मागू नये. नव्या मंडळींनी काय लावले आहे ते कौतुकाने पाहावे. शक्य झाल्यास एखादे रोप भेट म्हणून न्यावे. जे झाड जगले असेल, त्याचे नाव व त्याची हकिगत सांगून यावे. ऐकणाऱ्याला ती हकिगत मिळाली की झाडाला आणखी एक राखणदार मिळतो.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती आपणां सर्वांना आजच लागू पडते. आपण सध्या ज्या घरी राहता, तेथे आपण न लावलेले एखादे झाड असेलच. शेवगा असेल, पेरू असेल, नाहीतर कुंपणावरची जुनी जाई असेल. ते कोणीतरी पाणी घालून वाढवले आणि मागे ठेवून गेले. शेजाऱ्यांना विचारून पाहा, बहुधा कोणाला तरी आठवत असेल. आणि उद्या एखादे अनोळखी कुटुंब आपल्या फाटकाशी घुटमळताना दिसले, तर त्यांस बाहेरून परत जाऊ देऊ नका. एक कप चहा होईपर्यंत त्यांना झाडाखाली बसू द्या.

— संपादक मंडळातून